माझ्या काचा, त्याचे आजोबा

पुण्याहून बेंगळूरला आलेल्या एका इंटिरियर डिझायनरने मला फसवलं. माझी नमुन्याच्या काचांची पेटी मी त्याला आठवडाभर वापरायला दिली. त्याने पेटी परत केली, पण आतल्या काचा ठेवून घेतल्या. त्यांच्या जागी त्याच रंगांच्या दुसऱ्या काचा भरून पाठवल्या आणि मला कळणार नाही असं धरून चालला.

हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली माझ्याच भाषेच्या लोकांत ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. त्या बाईंचा काहीतरी गैरसमज झाला, त्या जरा तापट आहेत, असं. तापट मी आहेच. गैरसमज झालेला नाही.

जयनगरला माझं रंगीत काचांचं दुकान आहे. होसकोटेच्या इंडस्ट्रियल एरियात एक शेड आहे, तिथे काच कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचं काम चालतं. दोन्ही मी स्वतः उभं केलं. आमचं घराणं शिंप्यांचं. कित्येक पिढ्यांमागे इकडे आलो म्हणतात. नक्की कुठून, ते घरात कुणालाच सांगता येत नसे, पण घरात मराठी सुटली नाही. निम्मे शब्द कानडी झाले तरी ती मराठीच. वडिलांचं टेलरिंगचं दुकान भावाकडे गेलं. माझ्याकडे आली ती वडिलांची एक सवय. कापड डोळ्यांनी बघायच्या आधी ते दोन बोटांत धरायचे.

शाळा सुटल्यावर मी जुन्या दारं-खिडक्यांच्या एका वखारीत कामाला लागले. त्या काळात जुने बंगले पाडायला नुकती सुरुवात झाली होती. कंत्राटदाराला हवं असायचं सागवान. खिडकीची चौकट सुटावी म्हणून मजूर आधी घणाने काच फोडून काढत. चामराजपेटेत एका पाडकामावर मी चौकटी मोजून घ्यायला गेले होते. जिन्याच्या खिडकीत एक हिरवी काच होती, दुपारचं ऊन तिच्यातून पायऱ्यांवर पडलं होतं आणि त्या उजेडात काहीतरी हलत होतं. वर बघितलं तर काहीच हलत नव्हतं. काचच तशी होती. मी मुकादमाला म्हणाले, ही मला दे.

"घेऊन जा अक्का," तो म्हणाला. "आमच्या पोरांचे पाय तरी कापणार नाहीत."

मी इतकी खूश झाले की ती काच पदरात गुंडाळून जवळजवळ पळतच निघाले. पुढच्या बंगल्यावर तोच मुकादम होता आणि त्याने काचेचा भाव सांगितला. फुटून कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूला माझ्या तोंडावरच्या आनंदाने किंमत आली होती. त्या दिवसापासून मी काच बघते ती तोंड पाडून. चांगली असेल तितकं जास्त पाडते.

रंगीत काच म्हटली की लोक रंग बघतात. रंग सगळ्यात सोपा. काच ओळखायची ती तिच्या अंगावरून. तोंडाने फुंकून केलेली जी जुनी काच असते, तिचा आधी फुगा करतात, मग तो चिरून, उलगडून सपाट करतात. ती एका कडेला भाकरीएवढी जाड, तर दुसऱ्या कडेला पापडाएवढी पातळ. तिच्यातून समोरचा माणूस बघितला तर तो किंचित पोहतो. आतले बुडबुडेसुद्धा गोल नसतात. ओढले गेल्यामुळे ते जिऱ्यासारखे लांबट होतात आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून राहतात. लोखंडी रुळाखालून लाटून काढलेली काच वेगळी. तिची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर रुळाची नक्षी. तिच्यात पुन्हा प्रकार आहेत. तांब्याच्या घंगाळासारखी ठोक्यांची, पन्हाळीच्या पत्र्यासारखी उभ्या रेघांची आणि पाण्याची. पाण्याच्या काचेवरच्या लाटांना दिशा असते. एकाच खिडकीत दोन तुकडे शेजारी लावायचे तर लाट एकीकडून दुसरीकडे गेली पाहिजे.

दुधी काचेचं वागणं निराळं. दुधात रंगाचे दोन थेंब टाकून चमचा एकदाच फिरवावा तशी ती दिसते. उजेड आरपार सोडत नाही, स्वतःत धरून ठेवते. सरसाची काच आहे, तिच्यावर गरम सरस ओततात. सरस सुकताना आकसतो आणि काचेची साल ओढून काढतो. मागे नेच्याच्या पानांसारखी नक्षी राहते. ही नक्षी दोन तुकड्यांवर सारखी कधीच येत नाही. आणि लाल. जुनी चांगली लाल काच आतून लाल नसतेच, कारण पूर्ण जाडीभर तो रंग दिला तर ती काळी दिसेल. बिनरंगी काचेवर लालचा पातळ थर चढवलेला असतो. कडेने बघितलं की भाकरीवर चटणी सारवल्यासारखं दिसतं. काचेचा नवा माणूस समोरून बघतो. मी आधी कड बघते.

एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मला तिथली एक लाकडी पेटी मिळाली. पूर्वी काचेच्या निगेटिव्ह असत त्या ठेवायची, आत उभ्या खाचा असलेली. जिथे जिथे वेगळ्या अंगाची काच मिळाली, तिथला एक तुकडा मी त्या खाचेच्या मापाचा कापला आणि पेटीत ठेवला. चामराजपेटेतली हिरवी पहिल्या खाचेत. तिच्यात एक बुडबुडा होता, चिंचोक्याएवढा. फ्रेझर टाऊनची दुधी, रिचमंड टाऊनच्या एका व्हरांड्याची निळी, व्हाइटफील्डच्या एका जुन्या घराच्या न्हाणीघराची सरसाची. हे बंगले आता नाहीत. त्यांच्या जागेवर अपार्टमेंटं आहेत आणि त्यांतल्या काहींच्या लिफ्टच्या लॉबीत माझंच काम आहे.

ही पेटी शोभेची नव्हती. कुणी जुनं घर दुरुस्त करायला काढलं की फुटक्या काचेचा तुकडा घेऊन माझ्याकडे येई. मी तो पेटीतल्या तुकड्यांशी बोटाने ताडून बघायची आणि सांगायची, ही अमुक जातीची, हिच्याशी जुळणारी आज अमुक ठिकाणी मिळेल, किंवा मिळणार नाही. अख्ख्या बेंगळुरात हे सांगणारी मीच आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांना तसं वाटायचं, आणि मी ते वाटू दिलं.

दुकानात गिऱ्हाइकाशी मी कानडी बोलते, हिंदी बोलते, तमिळ बोलते, लागेल तेवढी इंग्रजी बोलते. मराठी फक्त घरी, आणि घरी आता बोलायला भिंती. त्यामुळे एक दिवस पस्तिशीतला एक माणूस दुकानात शिरला आणि फोनवर कुणाला तरी "अरे थांब ना, बघतोय" म्हणाला, तेव्हा मी काउंटरमागून उठून उभी राहिले.

"पुण्याचे का?"

"हो! काकू, तुम्ही मराठी? इथे?"

"स्वल्प थांबा हं, कॉफी सांगते."

तो मनापासून हसला. "स्वल्प! कसलं क्यूट आहे हे. आमच्याकडे स्वल्पविराम सोडला तर हा शब्द कुणी वापरत नाही."

"आमच्याकडे वापरतात. तुमच्या निम्म्या पेठा वसायच्या आधीपासून."

त्याला ते आवडलं. मला तो आवडला. मग तो वरचेवर येऊ लागला. कॉफी प्यायचा आणि मला बोलतं करायचा. मुकादमाची गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली. तोंड पाडून काच बघायची युक्ती ऐकून म्हणाला, "काकू, तुमच्यावर डॉक्युमेंटरी व्हायला पाहिजे." स्वतःबद्दलही बोलायचा. आईवडील दोघं नोकरीला, त्यामुळे आजोबांनी वाढवलं, आजोबा शाळेत गणित शिकवायचे, असं. मी त्याला डोळे मिटायला लावून एकेक काच हातात दिली. त्याची बोटं हलकी होती. शिकला असता तर चांगला शिकला असता.

मग एके दिवशी त्याने पेटी मागितली. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे एक व्हिला होता, मालक मराठीच. त्यांना देवघराच्या दारात रंगीत काच हवी होती.

"पेटी बाहेर जात नाही," मी म्हणाले. "त्यांना इकडे आण."

"काकू, दोघंही आयटीत. त्यांना जयनगरला यायला शनिवार मिळत नाही. आणि व्हिडिओवर टेक्स्चर येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. एक आठवडा. प्लीज."

मी अटी घातल्या. दाराचं काम माझ्या शेडमध्ये होईल. बसवायला माझा मेस्त्री जाईल. आणि काच कुणाची विचारलं तर माझ्या दुकानाचं नाव सांगायचं. त्याने सगळ्या अटी एका घोटात मान्य केल्या, एकाही शब्दावर अडला नाही. तिथेच मी पेटी मिटून आत ठेवायला हवी होती. ज्याला अट पाळायची असते तो अटीवर भांडतो. मी आयुष्यभर भांडून धंदा केला, मला हे कुणी सांगायला नको होतं.

माझा मेस्त्री सुरुवातीपासून माझ्याबरोबर आहे. आम्ही कानडीत बोलतो. त्याने मला बाजूला घेतलं.

"कोडबेडी अक्का," तो म्हणाला. देऊ नका.

"का?"

"काच कशी धरतो बघा. चहात बुडवायला बिस्किट धरल्यासारखी."

"मराठी माणूस आहे. आपला आहे."

"तुमचा," मेस्त्री म्हणाला आणि कामाला गेला.

पेटी परत आली ती एका पार्सलवाल्याच्या हातून. सोबत चॉकलेटचा डबा आणि फोनवर निरोप, क्लायंटने काचेचा विचार सोडला, सॉरी काकू, पुढच्या वेळी नक्की. मी पेटी उघडली, खाचा भरलेल्या दिसल्या, रंग ओळीने होते तसे होते. मिटून ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बसवनगुडीहून एक गृहस्थ फुटक्या खिडकीचा तुकडा घेऊन आले. ठोक्यांची काच होती. मी नेहमीप्रमाणे त्यांच्याशी बोलत बोलत, न बघता, पेटीतून ठोक्यांचा तुकडा काढला आणि अंगठा फिरवला. अंगठा थांबला. माझ्या तुकड्यावरचे ठोके लहानमोठे होते, एकासारखा दुसरा नव्हता. हे ठोके छापील कापडावरच्या बुट्ट्यांसारखे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होते.

मी दुसरा तुकडा काढला. हिरवा. त्यात बुडबुडे होते, पण सोड्यातल्यासारखे गोल, सगळे एका मापाचे. चिंचोका नव्हता. लाल काढला आणि कड बघितली. कड बिनरंगी होती म्हणून एक क्षण बरं वाटलं. मग कोपऱ्यावर नख लावलं तर लाल रंग सालीसारखा सुटून नखाला चिकटला. गाडीच्या काचेला लावतात तसली फिल्म होती.

बसवनगुडीचे गृहस्थ म्हणाले, "बरं नाही का तुम्हाला?"

मला राग आला की मी स्टील फेकते, काच कधीच नाही. कॉफीचा लोटा शटरवर आदळला आणि शेजारचा बांगडीवाला धावत आला. गृहस्थांनी तुकडा उचलला आणि परत येतो म्हणाले. आले नाहीत.

त्याने काय केलं असेल ते मला लगेच कळलं. माझ्या काचांचे त्याने फोटो काढले असणार, मागून पांढरा उजेड सोडून, रंग नीट यावा म्हणून. त्या उजेडात अंग पुसलं जातं, फक्त रंग उरतो. मग ते फोटो समोर ठेवून त्याने रंगाला रंग जुळवून काचा मागवल्या. ज्याला काच स्क्रीनवर बघायची सवय आहे तोच ही चूक करू शकतो. आंधळ्याला फसवायला कुणी दुसऱ्याचे कपडे घालावेत आणि आवाज मात्र स्वतःचाच ठेवावा, तसं हे झालं.

मी फोन केला.

"काकू, तेच पीसेस आहेत. लाइट बदलला की वेगळे वाटतात."

"मी दुकानात बसून काच बघते ती ह्याच लाइटमध्ये. पंचवीस-तीस वर्षं झाली. आज कोणता लाइट बदलला?"

"तुम्ही चिडलाय. आपण शांतपणे बोलू."

"मी चिडूनच नीट बोलते. काचा कुठे आहेत?"

त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर उचलला नाही.

मेस्त्री म्हणाला, "होगली बिडी अक्का," जाऊ द्या. मी जाऊ देणारी असते तर माझ्याकडे दुकानच नसतं. पण शोधायचं कुठे? व्हिलाचा पत्ता मी घेतला नव्हता. मग सुगावा लागला तो आपणहून. बनशंकरीची एक बाई दुकानात आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, मला अगदी असंच देवघराचं दार हवंय, माझ्या मैत्रिणीकडे आहे. फोटोत चौकोनी चौकोनी काचांचं दार होतं. मी तो मोठा करून बघितला. वरच्या ओळीत हिरवा चौकोन होता, आणि त्याच्या अगदी कडेला अर्धा चिंचोका.

अर्धा. म्हणजे त्याने तुकडे कापले होते.

तोंड पाडायची सवय त्या दिवशी कामाला आली. मी त्या बाईला म्हटलं, तसंच करायचं तर मला प्रत्यक्ष बघावं लागेल, मैत्रिणीला विचारा. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

उड्डाणपुलावरच्या बसमधून जाताना मी मनात काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. दार उघडलं ते तिशीच्या एका मुलीने, गळ्यात हेडफोन, चेहऱ्यावर झोपेची उधारी. नागपूरची. "या ना काकू, माझी मीटिंग संपलीच आहे," म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला स्वतः आत गेली. अशा माणसावर ओरडता येत नाही. मला ते फार गैरसोयीचं झालं.

देवघर हॉलच्या टोकाला होतं. मागच्या बाजूला उभी खिडकी, त्यामुळे दारातून उजेड येत होता. माझ्या सगळ्या काचा तिथे होत्या. आणि सगळ्या चुकीच्या. पाण्याच्या काचेचा एक तुकडा आडवा लावलेला, शेजारचा उभा, म्हणजे लाट मध्येच भिंतीवर चढत होती. ठोक्यांची बाजू आत, दिव्याकडे केलेली. काजळी खळग्यांत बसून ते काळे पडायला लागले होते. आमच्यात नवशिका पोरगाही नक्षीची बाजू दिव्याकडे करत नाही, ती पुसता येत नाही. सगळे तुकडे चारही बाजूंनी कापून लहान केलेले आणि सिलिकॉनने चिकटवलेले. काढायला गेलं की फुटणार.

मी दारापाशी उभी होते तेव्हा ती मुलगी मागून म्हणाली, "सुंदर आहे ना? ही आमच्या डिझायनरच्या आजोबांची काच आहे."

"कुणाची?"

"आजोबांची. त्यांना छंद होता. जुने बंगले पाडायचे तिथे जाऊन ते काचा जमवायचे. फार मजेशीर होते म्हणे. काच आवडली की मुद्दाम तोंड पाडून उभे राहायचे, म्हणजे मजूर भाव वाढवत नाहीत. आणि पहिली काच तर त्यांनी धोतरात गुंडाळून पळवली होती."

त्या घरात हाताशी सगळं चिनी मातीचं होतं, स्टीलचं काही नव्हतं. मी खाली बसले.

इथपर्यंत मला वाटत होतं की त्याने माझ्या काचा घेतल्या. काचा कापल्या गेल्या, त्या गेल्या, हे मी बसमध्येच कुठेतरी गिळलं होतं. पण त्याने मुकादम घेतला होता. जिन्यावरचं ऊन घेतलं होतं. माझा पदर काढून त्याचं धोतर केलं होतं. तुटक्या खिळ्यांतून अनवाणी फिरलेली एक मुलगी होती, कंत्राटदारांच्या शिव्या खाऊन त्यांना दुप्पट परत करणारी. तिच्या जागी त्याने एक गोड म्हातारा बसवला होता.

मी त्या मुलीला सगळं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरं वाटलं असावं, पण डोळ्यांत एक शंकाही होती, आणि ती असणं मला मान्य आहे. मी म्हटलं, त्याला फोन लाव, स्पीकरवर. तिचा फोन त्याने लगेच उचलला.

"हाय! कसं आहे देवघर?"

"सर, इथे एक काकू आल्यात. जयनगरच्या, काचवाल्या."

"अरे वा! काकू! कशा आहात?"

"तुझे आजोबा काय करायचे रे?"

"काकू, हे आत्ता..."

"गणित शिकवायचे. तूच सांगितलंस, माझी कॉफी पिताना. मग बेंगळुरातल्या बंगल्यांच्या काचा जमवायला कधी येत होते? मधल्या सुट्टीत?"

नागपूरच्या मुलीने तोंडावर हात धरला. हसू होतं की दुसरं काही, मी बघितलं नाही.

"काकू, तुम्ही पर्सनली घेताय. क्लायंटला एक स्टोरी लागते. लोकांना आजोबा आवडतात. दुकानदार बाई म्हटलं की लोकांना वाटतं विकत आणलेला माल आहे. त्यात स्टोरी काय?"

"स्टोरी नव्हती तर चोरलीस कशाला?"

"चोरली वगैरे काय शब्द आहेत? मी तुम्हाला नवे पीसेस आणून देतो ना. इम्पोर्टेड. तुमच्यापेक्षा चांगले. एक काय, दोन पेट्या देतो. बोला."

माझ्याशी त्याने पहिल्यांदा घासाघीस केली ती ही. मी म्हटलं, "पेटी नको. आत्ता, ह्या मुलीच्या समोर, एक वाक्य बोल. काचा कुणी जमवल्या?"

"काकू, मला दुसरा कॉल येतोय."

फोन बंद झाला. ती मुलगी म्हणाली, "आम्हाला खरंच माहीत नव्हतं काकू. दार काढून देऊ का?" तिने ते मनापासून विचारलं, हे मी लिहून ठेवते. मी नको म्हटलं. काढलं तर फक्त चुरा हातात येईल. दिव्याकडची बाजू कशी पुसायची ते मी तिला दाखवलं, कोरड्या मऊ ब्रशने, पाणी न लावता. कुणी विचारलं तर खरं सांग, एवढं मागितलं. ती हो म्हणाली, पण हो म्हणताना दाराकडे बघत होती. मग ओशाळून म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात त्यांचा कार्यक्रम आहे. आजोबांच्या काचांवरच. आमच्याच दाराचे फोटो दाखवणार आहेत."

घरी येऊन मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. मोठे सभ्य गृहस्थ. माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "हे बघा ताई, तुमचा आणि त्यांचा व्यवहार आहे, तो तुम्ही बाहेर मिटवा. आमचा कार्यक्रम सांस्कृतिक आहे."

"मग संस्कृती कुणाची सांगणार आहात ते तरी आधी बघा."

"तुम्ही इथल्या मूळच्या ना? तुमची मराठी वेगळीच वाटते."

मी त्यांना कानडीत जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आता पेटीत मी पुन्हा काचा भरते आहे. जे बंगले पडले ते परत मिळणार नाहीत. जे अजून पडायचे आहेत त्यांच्या दारात मी उभी असते, आणि मुकादमांची तिसरी पिढी मला ओळखते. मेस्त्री म्हणतो, ह्या वयात पुन्हा पहिल्या खाचेपासून? हो, पहिल्या खाचेपासून. ते मला जमतं. जे मला एकटीने जमणार नाही ते मी मागते आहे.

मंडळाच्या कार्यक्रमाला मी येणार आहे. पास मिळाला नाही तर दारात उभी राहीन. दारात उभं राहायची मला सवय आहे. पडद्यावर पहिली काच आली की मी उठून विचारीन, ही कुठल्या घरातली? डिझायनर साहेब, तुला ठाऊक नसेल, कारण तुला मी घरं सांगितली नव्हती, गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरी आली की पुन्हा विचारीन. शेवटच्या काचेपर्यंत विचारीन. तुझे आजोबा भले गृहस्थ असतील. त्यांच्या मागे लपू नकोस, त्यांना माझ्या धंद्यात ओढू नकोस. माईक तुझ्या हातात असेल, समोर तुझे-माझे सगळे लोक असतील. तिथे, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग: या काचा कुणी जमवल्या? आणि सेक्रेटरी साहेब, त्याने सांगितलं नाही तर तुम्ही सांगायचं, कारण माझा फोन आल्यावरही त्याला त्या स्टेजवर तुम्ही चढवता आहात.